एका थरथरीची दुरुस्ती

आषाढ सरायला आला की पेणकडून टेम्पो यायला लागतात. रोह्यात आमचं घर रस्त्यालाच, त्यामुळे ताडपत्री बांधलेला प्रत्येक टेम्पो आमच्या खिडकीखालून जातो. ताडपत्रीच्या फटीतून कधी एखादा गुलाबी हात दिसतो, कधी मुकुटाचं सोनेरी टोक. माणसं रस्त्यात थांबून हात जोडतात. पूर्वी मीही जोडायचे. हल्ली टेम्पोचा आवाज आला की मी खिडकीतून आत जाते आणि उगाच काहीतरी काम काढते, डबे पुसते, नाहीतर निवडलेले तांदूळ परत निवडते. देवाशी माझं काही वाकडं नाही. मला लाज वाटते. कशाची, ते सांगायला आज बसले आहे, आणि खरं सांगायचं तर परत लिहायलाच बसले याचीही लाज वाटते आहे.

मी रोह्याच्या एका कॉलेजात तीस वर्षं मराठी शिकवलं. शैलीचा धडा माझा आवडता. फळ्यावर एकाखाली एक तीन वाक्यं लिहायची: म्हातारा गेला. म्हातारा वारला. म्हातारा एकदाचा सुटला. मग मागे वळून म्हणायचं, "बघा, माणूस एकच मेला, पण तीन वेगवेगळ्या घरांत मेला. पहिल्या घरात कुणाला वेळ नाही, दुसऱ्या घरात पाहुणे जमलेत, आणि तिसऱ्या घरात सून आहे." वर्ग हसायचा. शब्द बदलला की म्हाताऱ्याचं मरण बदलतं, हे शिकवताना मी स्वतःला फार शहाणी समजायचे. एका वर्षी खिडकीजवळ बसणारी एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, पण म्हातारा मेलाच नसला तर?" मी म्हणाले, "खाली बस, चेष्टा पुरे." तिच्या प्रश्नात चेष्टा अजिबात नव्हती, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

तीन वर्षांपूर्वी मेअखेर मी निवृत्त झाले. शाल मिळाली, भाषणं झाली, आणि जूनमध्ये सकाळी साडेदहाला घरात बसून मी भिंतीकडे बघायला लागले. आमच्या ह्यांची धाटावच्या कंपनीतली नोकरी अजून चालू होती. हे शिफ्टला गेले की घर खायला उठायचं. स्वभाव माझा मूळचाच तिरसट, त्यात रिकामपण, मग कामवालीशी भांडण, दूधवाल्याशी भांडण. शेवटी हेच म्हणाले, "तू जरा बाहेर पड बघू. तुझ्यासाठी नाही, गावासाठी सांगतोय." म्हणून मी एसटी पकडली. भिसे खिंडीतून नागोठणे, नागोठण्याहून वडखळ, आणि वडखळहून पेण. पेणला एका कारखान्यातून आम्ही दरवर्षी गणपती आणायचो. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. यंदा गणपती लवकर बघून ठेवू, एवढंच मनात होतं.

त्या दिवशी मी आत गेले ती श्रावण संपेपर्यंत जातच राहिले. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. आजही डोळे मिटले की तो पत्र्याचा लांब मांडव समोर येतो. पत्र्यावर पाऊस वाजतोय, खाली ओल्या गोणत्या पसरलेल्या, रंग वाळावा म्हणून भर दुपारी मोठे दिवे लावलेले, आणि सगळ्याला मातीचा, रंगाचा आणि उकळून उकळून कडू झालेल्या चहाचा मिळून एक वास. फळ्यांवर ओळीने गणपती. अंगाला रंग लागलेला, सोवळी नेसलेली, दागिने चढलेले, फक्त डोळे नाहीत. बिनडोळ्यांचे शंभर-सव्वाशे गणपती एकत्र बघायची मला सवय नव्हती. पहिल्या दिवशी मी जमिनीकडेच बघत बसले.

कारखान्यातल्या माणसांना मात्र त्याचं काही नव्हतं. डोळे नसलेल्या गणपतीच्या हातावर ते बिनदिक्कत शर्ट अडकवायचे, मांडीवर चहाचा ग्लास ठेवायचे, पुढ्यात बसून आदल्या दिवशीच्या भांडणाची उजळणी करायचे. आणि एकदा का आखणी झाली, म्हणजे डोळे काढून झाले, की तीच माणसं त्याच्या समोरून जाताना अंग चोरून जायची. शर्ट गुपचूप खुंटीवर जायचा. कुणी कुणाला सांगत नसे. दोन बारीक रेषांनी सगळा कारखाना शिस्तीत यायचा. मी तीस वर्षं शैली शैली म्हणत होते ती ही, असं मला वाटलं, आणि चांगलं वाटलं.

त्या रेषा काढायची वनीताय. मांडवाच्या टोकाला, जिथे उजेड बरा, तिथे तिचा पाट आणि रंगाच्या वाट्या. वय पंचावन्नच्या आसपास, अंगाने बारीक, कपाळावर मोठं कुंकू. माहेर-सासर दोन्ही खाडीकाठच्या खारेपाटातलं, नवरा मिठागरावर कामाला होता, आता ते काम राहिलं नाही. अण्णांच्या वडिलांच्या वेळी ती मूर्तींना पॉलिश पेपर घासायला म्हणून आली, आणि आखणी करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराकडे बघून बघून शिकली. त्या म्हाताऱ्याचे हात थकले तेव्हा मोठमोठ्या बाप्यांना बाजूला ठेवून त्याने ब्रश हिच्या हातात दिला. गेली वीस वर्षं त्या कारखान्यातला प्रत्येक गणपती तिने दिलेल्या डोळ्यांनी जगाकडे बघत होता. हे ती स्वतः कधी म्हणाली नाही. मला अण्णांनी सांगितलं.

सुरुवातीला ती मला मॅडम म्हणायची. आठवड्याभरात "बस गो बाय, इथं ओल नाय" असं म्हणायला लागली. तीस वर्षं सगळ्यांची मॅडम झालेल्या मला त्या 'गो'ने काय झालं, ते कसं सांगू. घरी येऊन मी ह्यांना दोनदा सांगितलं, ती मला गो म्हणाली म्हणून. हे म्हणाले, "मग काय अहो म्हणायला हवं होतं?"

तिच्याशेजारी बसून मी जे शिकले ते मला पुस्तकांनी शिकवलं नव्हतं. एकाच साच्यातले दहा गणपती तिच्यापुढे असायचे, सोंड तीच, कान तेच, पोट तेच. आखणी झाली की दहांचे दहा स्वभाव. मी विचारलं, "हा असा का झाला? हा हसल्यासारखा वाटतो, आणि तो शेजारचा काहीतरी विचारल्यासारखा."

"वरची पापणी बघ," ती म्हणाली. "याची मी केसभर खाली आणली. हा घरातला हाय. घरातला गणपती पाटावर असतो आणि माणूस त्याच्यासमोर मांडी घालून बसतो. त्याला खाली बघता यायला पाहिजे. तो मंडळाचा. त्याला लांबच्या माणसाकडं बघायचंय. त्याची पापणी खाली केली तर लोक म्हणतील, गणपती झोपला."

"आणि केसभर जास्त वर गेली तर?"

"मग तो डोळे वटारतो. पोरं घाबरतात. तसा एक झाला होता माझ्या हातून. पुसला आणि परत काढला. देवाला राग नसतो, राग आपल्या रेषेत असतो."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. वही मी दुसऱ्याच आठवड्यापासून न्यायला लागले होते. ती बोलायची आणि मी लिहायचे, आणि तिला वाटायचं बाय शिकतेय. खरं म्हणजे मी लेखाची जमवाजमव करत होते.

आता त्या हाताबद्दल. सगळं तिथेच आहे, त्यामुळे नीट सांगते. वनीताय अगदी बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवायची, वर उचलायची, आणि मूर्तीला टेकवायच्या आधी हवेतच मनगट भराभर हलवायची. दोन-तीन क्षण ब्रश नुसता कापायचा. मग हात थांबायचा, श्वास थांबायचा, आणि रेष एका दमात डोळ्याच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जायची. प्रत्येक रेषेआधी हे असंच. लांबून बघणाऱ्याला वाटावं की बाईचा हात थरथरतोय. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं. मी तिला विचारलंसुद्धा.

"थरथरतोय कसला," ती हसली. "जादा रंग झटकते मी. नायतर काजळ गळतं गालावर. वाटीच्या काठाला ब्रश पुसला तर त्याचं टोक फाकतं, म्हणून हवेत झटकायचा. म्हाताऱ्यानं शिकवलेलं."

म्हणजे मला माहीत होतं. हे मी दोनदा सांगते, कारण मला सुटायला जागा नको आहे. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की तो हात थरथरत नाही.

गणपती झाले, नवरात्र जवळ आलं, आणि मी लेख लिहायला घेतला. एका दिवाळी अंकाने मागितला होता. आठ दिवस मी खिडकीशी बसून लिहीत होते, आणि तो सगळा काळ मी फार सुखात होते हे कबूल करते. सगळं छान उतरलं. मांडव उतरला, पाऊस उतरला, पापणीचं केसभर अंतर उतरलं. पण शेवट जमेना. "ती ब्रश झटकते आणि देवाला डोळे देते" असं लिहून बघितलं. ब्रश झटकणं म्हणजे कसं, रंगाऱ्यासारखं वाटलं. वाक्य खाली बसत होतं. मग मी लिहिलं, "थरथरत्या हातांनी ती देवाला डोळे देते." आणि वाक्य असं काही उठून उभं राहिलं की माझ्याच अंगावर काटा आला. त्या एका थरथरीत तिचं वय आलं, तिची गरिबी आली, तिची भक्ती आली, देवापुढे माणसाचं लहान होणं आलं. एका विशेषणात एवढं सगळं. मी ते दोन वेळा मोठ्याने वाचलं. लेखाला नावही तेच दिलं, "थरथरते हात".

एवढ्यावरही थांबले नाही. ती माझ्याशी बोलताना साधं मराठीच बोलायची, 'नाय' आणि 'हाय' आणि तो 'गो' सोडला तर. लेखात मी तिच्या तोंडी अशी जाड बोली घातली, जी ती फार तर तिच्या आजीशी बोलली असेल. सातवी शिकलेली, अण्णांची सगळी ऑर्डरची वही वाचणारी बाई माझ्या लेखात 'अक्षरशत्रू' झाली. कुंकू मोठं होतं ते आणखी मोठं केलं. घरात टीव्ही होता, तो मी लिहिलाच नाही. मीठ जरा जास्त पडलं की कालवण नासतं, हे काय मला कुणी सांगायला हवं होतं? पण हात थांबत नव्हता.

लेख छापून आला तेव्हा मी तो ह्यांना वाचायला दिला. हे कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये पस्तीस वर्षं लॉगबुक भरणारे. तापमान एवढं, दाब एवढा, व्हॉल्व्ह बंद केला, सही. ह्यांनी शेवटपर्यंत वाचलं आणि चष्मा काढून म्हणाले, "गणपती आणायला गेलो तेव्हा मी पण बघितलं तिला. हात कुठे थरथरत होते?"

"ते तसं शब्दशः घ्यायचं नसतं," मी म्हणाले. "साहित्य आहे ते."

"आमच्याकडे लॉगबुकात 'बहुतेक' लिहिलं तरी मेमो मिळतो," हे म्हणाले, आणि जेवायला वाढ म्हणाले. मला राग आला. पस्तीस वर्षं व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसाला काय कळणार, असं मनात आलं. हेही लिहून ठेवते.

लेख गाजला. ओळखीपाळखीच्यांचे फोन आले. जुन्या विद्यार्थ्यांनी शेवटचा परिच्छेद मोबाइलवरून एकमेकांना पाठवला आणि कुणीतरी त्यावर सुरकुतलेल्या हातांचा फोटो चिकटवला. ते हात कुणाचे होते देव जाणे, वनीतायचे नव्हते. तो परिच्छेद पेणच्या कारखान्यांमधून फिरला, अण्णांकडून मूर्ती उचलणाऱ्या व्यापाऱ्यांच्या गटांमध्ये फिरला. मला कुणी फिरून फिरून माझाच परिच्छेद पाठवला की मी खाली हात जोडल्याची खूण टाकायचे.

पौषात पेणच्या एका वाचनालयाने कार्यक्रम ठेवला. लेखाचं वाचन आणि कारागीर बाईचा सत्कार. वनीताय आली होती. इस्त्रीची हिरवी साडी, केसांत अबोलीचा गजरा, सोबत सून रेश्मा. मी माइकवरून लेख वाचला, आवाज चढवत, उतरवत, शेवटच्या वाक्याआधी मुद्दाम थांबून. ते वाक्य म्हटलं आणि समोरच्या साठ-सत्तर माणसांनी एकदम वनीतायच्या हातांकडे बघितलं. तिने शाल पुढे ओढली आणि हात आत घेतले. नारळ द्यायला बोलावलं तेव्हाही तिने तो शालीतूनच घेतला. टाळ्या पडत होत्या. आणि मी, शिकलीसवरली बाई, व्यासपीठावर बसून मनात काय म्हणत होते? म्हणत होते, वा, शालीत लपलेले हात, पुढच्या लेखाला बरं आहे.

खाली उतरल्यावर ती माझ्याजवळ आली. म्हणाली, "चांगलं वाचलंत मॅडम." सहा महिन्यांनी ती मला परत मॅडम म्हणाली होती. गर्दीत बोलतेय म्हणून असेल, असं मी धरून चालले. आपल्याला जे ऐकायचं नसतं त्याचं कारण शोधायला आपल्याला वेळ लागत नाही.

पुढच्या वर्षी ज्येष्ठात मी पुन्हा पेणला गेले. वही घेतली होती. मांडव तोच, वास तोच, पत्र्यावर पाऊस तसाच. टोकाला उजेडाच्या जागी एक तरुण मुलगा बसून आखणी करत होता. डोळे सुबक होते, अगदी छापल्यासारखे, आणि दहाच्या दहा सारखे. मी अण्णांना विचारलं, "वनीताय कुठे?"

अण्णा मूर्तींवरची धूळ झटकत होते, ते झटकतच राहिले. "तिला मी पॉलिश पेपरवर घातली होती. पंधरा दिवस आली, मग यायची बंद झाली."

"पॉलिश पेपरवर? वीस वर्षं आखणी केली तिने."

"मला माहीत नाय का ते?" अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच जड गेलं. "मॅडम, व्यापारी येतात आणि विचारतात, डोळे त्या थरथरणाऱ्या बाईकडून का काढून घेता? एकाने तर माल उतरवून एकेक डोळा तपासला. मी सांगितलं, तिचा हात दगडासारखा हाय. तो म्हणाला, मग छापून आलंय ते काय खोटं? शिकलेल्या बाईनं लिवलंय. आता मी त्याला काय सांगू? तुमचं खोटं म्हणू?"

मी वही उचलली आणि निघाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी दुसऱ्या बाईचा हात गावभर दाखवून तिला अवलक्षणी करून ठेवलं होतं. एसटीत बसले तेव्हा वडखळपर्यंत मला कळलंच नाही की मी वही घट्ट छातीशी धरून बसले आहे. मला ती फेकून द्यावीशी वाटली. फेकली मात्र नाही, तेवढीही हिंमत नव्हती.

त्या लेखात मी एक वाक्य लिहिलं होतं, की शब्द हे डोळ्यांसारखे असतात, ते आले की निर्जीव वस्तू बघायला लागते. लोकांना ते आवडलं होतं. आज ते आठवलं की मान वर होत नाही. वनीतायला ठाऊक होतं की रेष केसभर सरकली तर देवाचा राग होतो, आणि तसं झालं तर ती पुसायची. मी इतकी वर्षं रेषा काढल्या आणि एकदाही पुसलं नाही. उलट जी रेष जास्त चुकली तिच्यासाठीच टाळ्या घेतल्या. तिच्या आणि माझ्या कामात फरक आहे तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे. सजवायला माझी ना नाही. तिनेही सजवलंच, मातीच्या गोळ्यावर काजळ म्हणजे दुसरं काय? पण तिची प्रत्येक रेष समोर बसणाऱ्या माणसासाठी होती. माझं विशेषण माझ्यासाठी होतं.

मी दुरुस्ती लिहायला घेतली. अंकाच्या संपादकांना फोन केला, ते म्हणाले, पुढच्या दिवाळीत चौकट टाकू. दुरुस्ती लिहितानासुद्धा माझी खोड जाईना. पहिला मसुदा दोन पानं झाला, आणि त्यात माझा पश्चात्ताप इतका देखणा उतरला की मीच दचकले. दुसरा अर्धा पान. तिसरा चार ओळींचा, सही लॉगबुकात असते तशी खाली. तो मी ह्यांना दाखवला. हे म्हणाले, "हां, हे बरं आहे. हे तिला आधी वाचून दाखव. तिला न विचारता एकदा लिहिलंस तेवढं पुरे." मी मान हलवली. या वेळी मला राग आला नाही.

श्रावण लागला होता. पेणहून रिक्षा करून मी खारेपाटातल्या तिच्या गावी गेले. दोन्ही बाजूंना लावणी झालेली हिरवी शेतं आणि मधून बांधावरचा रस्ता. वनीताय शेतावरून आत्ताच आली होती, पायांना घोट्यापर्यंत चिखल, साडी वर खोचलेली. मला बघून तिने पाय धुतले आणि खुर्ची पुढे केली. "बसा मॅडम." रेश्माने पाणी आणून दिलं. ती घरात गेली, पण दाराआडच उभी राहिली असावी, कारण तिच्या बांगड्या वाजत होत्या.

"लावणीला जातेस?" मी विचारलं.

"दुसऱ्यांच्यात जाते. बरं वाटतं. चिखलात हात कोण बघतंय?"

मी म्हणाले, "वनीताय, मी चूक केली. मला माहीत असून केली."

ती माझ्यासमोर जमिनीवर बसली, आणि पायाच्या अंगठ्याच्या नखात राहिलेली माती काढू लागली. मग म्हणाली, "लेख मी वाचला हां. रेश्मानं आणून दिला. रडले मी वाचून. म्हटलं, कोण गं ही बिचारी, हात थरथरतायत, लिवता-वाचता येत नाय, तरी देवाचं काम करतेय. मला त्या बाईची दया आली. मग नाव बघितलं, तर मीच."

तिने हे मला टोचायला म्हटलं नव्हतं, जे झालं ते सांगितलं. मी पिशवीतून कागद काढला आणि चार ओळी तिला वाचून दाखवल्या: "गेल्या वर्षीच्या माझ्या लेखात मी लिहिलं होतं की वनीतायचे हात थरथरतात. ते खोटं आहे. ती जादा रंग झटकण्यासाठी ब्रश हलवते, हे मला तेव्हाही माहीत होतं. तिचा हात स्थिर आहे."

वाचताना आवाज चढवला नाही, उतरवला नाही. ती मन लावून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "हे चांगलं लिवलंय. पयल्यापेक्षा चांगलं."

"दिवाळीत छापून येईल. अण्णांना मी स्वतः नेऊन देते, व्यापाऱ्यांना पाठवते. तू परत जा आखणीवर."

वनीताय हसली नाही आणि रडलीही नाही. "अण्णांकडून निघाले ना, तेव्हा आपल्या पेणच्याच वाशी नाक्याच्या तिकडं एक छोटा कारखाना हाय, तिथं गेले होते मी," ती म्हणाली. "मालकीण म्हणाली, एक आखून दाखव. मी बसले. ती मागं उभी, तिचा नवरा उभा, पॉलिशवाल्या दोन बाया काम टाकून आल्या. मूर्तीकडं कोण बघत नव्हतं. सगळे माझ्या हाताकडं बघत होते. आणि बाय, मी पण बघितलं. आखणी करताना मी कधी हाताकडं बघितलेलं नाय. डोळ्याकडं बघायचं असतं, हात आपला आपण जातो. त्या दिवशी मी हाताकडं बघितलं, आणि रेष वाकडी गेली. पुसली, परत काढली. परत गेली. घरी येऊन पाटीवर काढून बघितली. आता रोज बघते मी. ब्रश धरला की ध्यान हातावरच जातं, आणि हात हलतो."

ती मला बाय म्हणाली हे तिच्या लक्षात आलं नसावं. तिने माझ्या हातातला कागद घेतला, त्याची नीट घडी केली आणि परत माझ्या पिशवीत ठेवली.

"हे छापू नका," ती म्हणाली. "तवा तुम्ही लिवलंत ते खोटं होतं. आता ते खरं झालंय. आता हे छापलंत, तर परत खोटंच होईल."